काळ्या बिअरची रेसिपी आणि पाच साक्षीदार

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "गोष्ट पाच पुस्तकांत सापडली, म्हणजे ती खरी धरायची ना?" मीही तेच धरलं होतं आणि त्यापायी प्रबंधाची तेरा पानं फेकून द्यावी लागली. त्याचीच ही हकिगत.

माझा विषय मुंबई इलाख्यातली अबकारी. कंपनीच्या काळात गोऱ्या सैनिकांसाठी इंग्लंडहून पिंपांतून 'पोर्टर' नावाची काळसर, दाट बिअर यायची. आजची स्टाउट हे तिचंच पुढचं रूप. म्हटलं, पार्श्वभूमीत पोर्टरचा जन्म सांगून टाकू. गोष्ट तयारच होती. लंडनमध्ये गिऱ्हाइकं तीन पिंपांतली बिअर एकत्र करून मागायची. वाढणाऱ्याची दमछाक व्हायची. मग 1722 साली राल्फ हारवुड नावाच्या शोरडिचच्या बिअरवाल्याने तिन्ही चवी एकाच पिंपात आणल्या, आणि हमालांना, म्हणजे पोर्टर लोकांना, ती आवडली म्हणून तेच नाव पडलं. पाच संदर्भ दिले आणि खूश झालो.

गाइडनी समासात एवढंच लिहिलं: "हे पाच साक्षीदार आहेत की एकच माणूस पाच वेळा बोलतोय?"

मग एकेका संदर्भाचा माग काढत मागे गेलो. हारवुडची सविस्तर गोष्ट येते ती 1802 साली लंडन पाहायला येणाऱ्यांसाठी निघालेल्या एका मार्गदर्शक पुस्तकात. म्हणजे घटनेनंतर ऐंशी वर्षांनी, आणि तिथे साल 1722 नाहीच, 1730च्या आसपासचा काळ आहे. 1722 हे साल येतं 1760च्या एका वर्तमानपत्रातल्या पत्रातून. ते टोपणनावाने लिहिलेलं आहे आणि लिहिणारा स्वतःला बिअरच्या धंद्यातला जुना माणूस म्हणवतो. त्या पत्रात साल आहे, पण हारवुड नाही! पुढच्या लेखकांनी एकाचं नाव आणि दुसऱ्याचं साल जोडून दिलं. वर 'पोर्टर' हा शब्द 1721च्याच छापील मजकुरात सापडतो. जन्माच्या आधीच बारसं झालं म्हणायचं.

1760चं पत्र जे सांगतं ते कमी रंगतदार आहे, पण जास्त पटणारं आहे. माल्ट आणि हॉप्सवरचे कर बदलत गेले, तशी बिअर करणाऱ्यांनी रीत बदलली आणि तपकिरी बिअर जास्त दिवस मुरवायला सुरुवात केली. म्हणजे एका हुशार माणसाचा शोध असा नाहीच. अनेकांनी हळूहळू केलेला बदल.

इथवर कागदांचं झालं. माझे डोळे खरे उघडले ते घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांमुळे. ब्रिटनमध्ये 1880च्या कायद्याने घरगुती बिअरलाही परवाना लागू लागला होता. ती अट 1963 साली गेली. त्यानंतर हा छंद फोफावला. 1970च्या दशकात लंडन परिसरातल्या 'डर्डन पार्क बिअर सर्कल' या हौशी गटाने जुन्या बिअर पुन्हा करून पाहायला घेतल्या. आधार होता जुन्या छापील पुस्तकांचा आणि बिअर कारखान्यांच्या वह्यांचा. (माझं ज्ञान मात्र कागदीच आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग करणं गुन्हा आहे, तेव्हा प्रयोग नकोत!)

करायला बसलं की रेसिपीतला प्रत्येक शब्द अडवतो. पहिलाच शब्द घ्या: 'तपकिरी माल्ट'. माल्ट म्हणजे सातू भिजवून, मोड आणून, वाळवलेलं धान्य. आपण नाचणीसत्त्वासाठी करतो तसंच. अठराव्या शतकात तपकिरी माल्ट लाकडाच्या जाळावर वाळवायचे. त्याला धुराचा वास लागायचा आणि ती बिअर महिनोन्महिने मुरवावी लागायची. याच नावाने आज दुकानात मिळतं ते वेगळ्या रीतीने भाजलेलं असतं. जुन्या रेसिपीत बहुतेक सगळं धान्य हेच असे. आजचं तपकिरी माल्ट तेवढं वापरलं तर त्याच्या पिठुळाची साखरच होत नाही आणि बिअर फसते.

मग धान्य बदललं का? बदललं, आणि त्यामागे एक साधं उपकरण आहे. 1784 साली जॉन रिचर्डसनने माल्टच्या पाण्यातला गोडवा मोजणाऱ्या सॅकरोमीटरबद्दल पुस्तक काढलं. मोजमाप सुरू झालं तसं लक्षात आलं की फिकं माल्ट महाग असलं तरी त्यातून साखर बरीच जास्त निघते, म्हणजे हिशेबात तेच स्वस्त. कारखाने फिक्या माल्टकडे वळले. पण गिऱ्हाइकाला काळी बिअर हवी होती, म्हणून करपवलेल्या साखरेसारखे रंग आले. 1816च्या कायद्याने असे पदार्थ बंद केले. लगेच 1817 साली डॅनियल व्हीलरने बंद पिंपात कॉफीसारखं माल्ट भाजायचं पेटंट घेतलं. थोडंसं काळं माल्ट घातलं की पुरे, अख्खी बिअर काळी. आज स्टाउटची म्हणून ओळखली जाते ती भाजकी, कॉफीसारखी चव मुख्यतः इथून पुढची आहे.

म्हणजे बघा, 1750ची पोर्टर आणि 1850ची पोर्टर यांत नाव तेच, रंगही साधारण तोच, पण आतलं धान्य निराळं. मी मात्र 'पोर्टर' हा शब्द शंभर वर्षांच्या कागदांत एकाच अर्थाने वाचत होतो.

काही गोष्टी तर कुठल्याच वहीत नाहीत. 1904 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये क्लाउसेन या शास्त्रज्ञाने मुरलेल्या इंग्रजी बिअरच्या चवीमागचं यीस्ट वेगळं काढलं आणि त्याला 'ब्रेटानोमायसिस', म्हणजे ब्रिटिश बुरशी, असं नाव दिलं. जुन्या पिंपांच्या लाकडात ते मुक्कामालाच असायचं. ते कुणी मुद्दाम घालत नव्हतं, मग लिहिणार कोण? आजच्या स्वच्छ भांड्यात, विकतचं यीस्ट घालून, वहीबरहुकूम बिअर केली तरी ती चव येत नाही. कागद खोटा नसतो, पण त्या काळात जे सगळ्यांना माहीत होतं किंवा कुणालाच माहीत नव्हतं, ते त्यात उतरत नाही.

आता हे आपल्या कामाला लावू. मोडी कागदात 'एक पायली' दिसली की आपण सरसकट शेरांत रूपांतर करून मोकळे होतो. पण पायली गावागणिक बदलायची. लंडनमध्येही एके काळी एलचं बॅरल 32 गॅलनचं आणि बिअरचं 36चं होतं. तक्ता करण्याआधी 'कुठलं माप, कुठल्या सालचं?' हे विचारलंच पाहिजे.

संशोधनाला लागण्याआधी तीन सवयी लावून घ्या. एक, प्रत्येक संदर्भाचा संदर्भ शोधा. वंशावळ एकाच पूर्वजापाशी थांबत असेल तर साक्षीदार एकच. दोन, ओळखीचा शब्द दिसला की जास्त सावध व्हा. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच. तीन, शक्य असेल तर ती गोष्ट करणाऱ्या माणसाशी बोला. विणकर, कुंभार, गुऱ्हाळवाला तुमचा कागद वाचून पटकन सांगेल, "हे असं होणारच नाही."

माझ्या तेरा पानांचं काय झालं? त्यातली दीड पानं उरली. हारवुड तळटीपेत गेला. गाइडनी या वेळी समासात काहीच लिहिलं नाही, आणि आमच्याकडे ती शाबासकी समजतात.