पोर्शे बंदरात का अडकली?

पोर्शे 959 ही 1980च्या दशकातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक. साडेचारशे अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना मिळणारी ताकद आणि ताशी 300 किलोमीटरच्या पुढचा वेग. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी ती घेतली, जहाजाने अमेरिकेला आणवली, आणि कस्टम्सने ती अडकवून ठेवली ती जवळपास 13 वर्षे. गाडीचे पैसे चुकते झाले होते, मालकीचा वाद नव्हता, आणि जकात भरायची ऐपत नव्हती असे तर कोणी म्हणणार नाही. अडले ते एवढ्यावरच, की ही गाडी अमेरिकी सुरक्षा नियमांत बसते असा दाखला कोणाकडेच नव्हता. आपल्या मालकीची स्पोर्ट्‌स कार परदेशी न्यायची, तिथे चालवायची किंवा विकायची, या हौसेचा इतिहास एरवी जहाजांचा आणि भाड्याचा म्हणून सांगितला जातो. अमेरिकेचे उदाहरण नीट तपासले तर तो कागदांचा इतिहास ठरतो. त्या कागदांवर नाव सुरक्षेचे असले तरी दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे हे बाजाराच्या सोयीने ठरत गेले, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची. इंग्लंडमध्ये तळ ठोकून असलेल्या अमेरिकी सैनिकांना तिथल्या छोट्या, उघड्या, दोन आसनी गाड्यांची भुरळ पडली. एमजी टीसी ही त्यांतली सर्वांत लाडकी. 1945 ते 1949 या काळात अशा सुमारे 10 हजार गाड्या बनल्या, आणि त्यांपैकी सुमारे 2 हजार अधिकृतपणे अमेरिकेला गेल्या. इंजिन जेमतेम 1250 सीसीचे, स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी गरम ठेवायची सोय नाही. तरीही ती अमेरिकेत चालली, कारण तसा हलकेपणा डेट्रॉइटच्या अवजड गाड्यांत नव्हता. युद्धाने कंगाल झालेल्या ब्रिटनला डॉलर हवे होते आणि तिथल्या कारखान्यांना पोलादाचा कोटा निर्यात पाहून मिळत होता, त्यामुळे विकणाराही उत्सुक होता. त्या काळी चाकांखाली जाळ्या घालून क्रेनने गाडी उचलायची आणि जहाजाच्या पोटात उतरवायची. खरचटले, पोचा आला, खाऱ्या हवेने गंज धरला, तर ते मालकाचे नशीब. पण अमेरिकेच्या धक्क्यावर उतरल्यावर जकात भरली की काम संपले. दिवा कसा आहे, दारात काय बसवले आहे, हे केंद्र सरकारातले कोणी विचारत नव्हते. उजव्या स्टिअरिंगची गाडी उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात बिनदिक्कत फिरत होती.

हे चित्र पालटले ते 1966च्या वाहन सुरक्षा कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी राल्फ नाडर यांचे अमेरिकी गाड्यांच्या धोक्यांवरचे पुस्तक गाजले होते आणि लोकमत तापले होते. 1 जानेवारी 1968 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला संघराज्याचे सुरक्षा मानक लागू झाले, आणि 1970च्या स्वच्छ हवा कायद्याने धुराचे बंधन कडक केले. हे कायदे गरजेचे होते, त्यांनी माणसे वाचवली, याबद्दल शंका नाही. पण त्यांचा एक आनुषंगिक परिणाम झाला. थोड्या संख्येने गाड्या बनवणाऱ्या युरोपीय कंपन्यांना प्रत्येक मॉडेल अमेरिकेसाठी वेगळे घडवणे परवडेना. फेरारीची 512 बीबी अमेरिकेत अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही, आणि लॅम्बोर्गिनीची कुन्ताश 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत ताटकळली. मर्सिडीजने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात 500 एसएल विकली सुमारे 240 अश्वशक्तीची, तर अमेरिकेत त्याच अंगाची 380 एसएल दिली 155 अश्वशक्तीची. पुढे-मागे जाडजूड बंपर, वर जास्त किंमत. ज्याला फरक कळत होता तो ग्राहक थेट जर्मनी गाठू लागला.

त्याला खरे बळ दिले डॉलरने. 1980च्या सुरुवातीला एका डॉलरला पावणेदोन जर्मन मार्कांच्या आसपास मिळत होते, तर फेब्रुवारी 1985 मध्ये सुमारे 3.4 मार्क. म्हणजे पाच वर्षांत अमेरिकी गिऱ्हाइकासाठी जर्मन गाडी निम्म्या भावात आली, पण अमेरिकेतल्या शोरूममधली किंमत काही निम्मी झाली नाही. या तफावतीवर एक अख्खा धंदा उभा राहिला, त्याला ग्रे मार्केट म्हणत. कायद्यात वाट होती. हमीचा बाँड भरून गाडी आत आणायची आणि ठरलेल्या मुदतीत ती नियमांत बसवून घ्यायची. हे काम करणारी गॅरेजे निघाली. दार खोलून आत पोलादी पट्टी वेल्ड करायची, बंपरमागे धक्का शोषणारे आधार बसवायचे, एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घालायचा, स्पीडोमीटर मैलांचा करायचा, पट्टा लावला नाही तर वाजणारा बझर जोडायचा. आणि युरोपीय दिवे काढून अमेरिकी सीलबंद दिवे लावायचे. या दिव्यांची गोष्ट मासलेवाईक आहे. बल्ब बदलता येणारे युरोपीय हॅलोजन दिवे रस्ता अधिक चांगला उजळतात असे जाणकार सांगत होते, पण 1940 पासून ठरून गेलेला अमेरिकी साचा 1983 पर्यंत हलला नाही. तोवर सुरक्षेच्या नावाखाली चांगला दिवा काढून त्याच्या जागी कमी प्रतीचा बसवावा लागे. 1985 साली या वाटेने सुमारे 66 हजार गाड्या आल्या.

शोरूमवाल्यांना हे सोसवणारे नव्हते. मर्सिडीजच्या अमेरिकी शाखेने आणि डीलरांनी वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला, आणि 31 ऑक्टोबर 1988 रोजी आयात वाहन सुरक्षा कायद्यावर अध्यक्ष रेगन यांची सही झाली. 1990च्या सुरुवातीपासून सामान्य माणसाला स्वतः गाडी आणून ती नियमांत बसवता येईना. ते काम फक्त नोंदणीकृत आयातदाराने करायचे, आणि तेही त्या मॉडेलला सरकारने आधी पात्र ठरवले असेल तरच. तशीच गाडी अमेरिकेत अधिकृतपणे विकली गेली नसेल, तर पात्रता सिद्ध करायला गाड्या आपटून चाचणी द्यायची, म्हणजे एक गाडी आणण्यासाठी आणखी काही गाड्यांचा चुराडा करायचा. याच कायद्याने एक सवलतही ठेवली. 25 वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला सुरक्षेची कोणतीच अट नाही.

इथे कायद्याचा खरा हेतू उघडा पडतो. गाडी जुनी होते तशी सुरक्षित होते, असे कोणताही मेकॅनिक म्हणणार नाही. रबर कडक होते, ब्रेकच्या नळ्या झिजतात, सांगाडा गंजतो. नव्या गाडीचा धोका चालत नाही आणि तीच गाडी 25 वर्षे झिजून आली तर चालते, हा न्याय सुरक्षेच्या मोजमापात बसत नाही. तो बाजाराच्या मोजमापात मात्र चपखल बसतो, कारण इतकी जुनी गाडी शोरूममधल्या नव्या गाडीशी स्पर्धा करत नाही. दुसरा पुरावा परदेशी पाहुण्यांचा. अमेरिकेत न राहणारा माणूस आपली नियमांत न बसणारी गाडी एक वर्षापर्यंत आणून वैयक्तिक वापरासाठी चालवू शकतो, फक्त ती तिथे विकायची नाही आणि मुदत संपली की परत न्यायची. म्हणजे तीच गाडी, त्याच रस्त्यावर, जर्मन पर्यटकाच्या हाती वर्षभर चालते आणि अमेरिकी रहिवाशाला एक दिवसही चालत नाही. तिसरा पुरावा काळाचा. डॉलर उतरवण्यासाठी सप्टेंबर 1985 मध्ये झालेल्या प्लाझा करारानंतर तो कोसळत गेला आणि 1987 अखेर 1.6 मार्कांपर्यंत उतरला. नफा आटला तसा ग्रे मार्केटचा ओघही आटला. कायदा आला तेव्हा पूर ओसरू लागला होता. बांध घातला गेला तो पुन्हा कधी पूर आला तर, या धास्तीने.

यावर तीन आक्षेप घेता येतील, आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला, की गॅरेजांतली कामे बोगस होती. हे काही अंशी खरे आहे. दारात पट्टी घातल्याची पावती जोडायची आणि दाराला हातही लावायचा नाही, तपासणीपुरता कन्व्हर्टर बसवायचा आणि नंतर काढून घ्यायचा, असे प्रकार झाले. पण त्यावर उतारा होता तो कडक तपासणीचा, आणि आयातदारांची नोंदणी करून कायद्याने तो दिलाही. तेवढ्यावर थांबता आले असते. मॉडेलनिहाय पात्रतेची भिंत ही त्यापुढची गोष्ट झाली. दुसरा आक्षेप असा, की वॉरंटी, सुटे भाग, सदोष गाड्या परत बोलावण्याचा खर्च हे सारे डीलर आणि कंपनी सोसतात, मग फुकट्यांना वाव का द्यायचा? मुद्दा रास्त आहे, पण तो व्यापाराचा आहे. तो व्यापाराच्या कायद्यात मांडावा, त्याला सुरक्षेचा शिक्का लावू नये. तिसरा आक्षेप सर्वांत चलाख: 25 वर्षांच्या गाड्या थोड्या असतात, कमी चालतात, म्हणून धोका नगण्य. तसे असेल तर कसोटी संख्येची आणि अंतराची लावायला हवी, वयाची नाही.

पुढे अमेरिकेने नेमके तेच केले, पण मोजक्यांसाठी. 959च्या प्रकरणात पोर्शेने चाचणीत मोडायला गाड्या दिल्या नव्हत्या, आणि सुमारे तीनशेच बनलेल्या गाडीसाठी तसे कोणी देणारही नव्हते. शेवटी 1998च्या कायद्याने आणि 1999च्या नियमांनी प्रदर्शनी गाड्यांची नवी सवलत निर्माण झाली. ऐतिहासिक किंवा तांत्रिक महत्त्वाची, साधारणपणे 500 पेक्षा कमी बनलेली गाडी आणता येईल, रस्त्यावर मात्र वर्षाला 2,500 मैलांपर्यंतच. सवलत समंजस होती. पण ती मिळाली अब्जाधीशांच्या गाड्या धक्क्यावर धूळ खात पडल्यानंतर. निसानची स्कायलाइन हजारोंनी बनली होती, म्हणून तिच्या मध्यमवर्गीय चाहत्यांना ही वाट बंदच राहिली.

आपल्याकडचा नियम याच्या शेजारी ठेवला तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. 2001 पासून वापरलेली गाडी भारतात आणता येते, पण ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवे, उतरवायची ती मुंबईत, आणि तिची तपासणी होते पुण्याच्या एआरएआयसारख्या किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत. अमेरिका म्हणते जुनीच आणा, भारत म्हणतो जुनी आणू नका. दोघांचा निकष सुरक्षाच असता तर उत्तरे अशी उलटी निघाली नसती. देशी कारखाने सांभाळायचे आणि श्रीमंत देशांचे भंगार इथे येऊ द्यायचे नाही, हे भारताचे धोरण निदान झाकलेले नाही. जकात गाडीच्या किमतीहून जास्त ठेवून ते उघड सांगितले गेले. सचिन तेंडुलकर यांना भेट मिळालेल्या फेरारी 360 मोडेनावरची 1 कोटी 13 लाखांची जकात 2003 मध्ये माफ झाली, तेव्हा लोकांनी भांडण केले ते थेट पैशाबद्दल. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर रक्कम गाडी भेट देणाऱ्या फियाटने भरली. पडदा नव्हता, म्हणून जाब विचारता आला.

प्रत्येक गाडी तपासण्याचा हक्क राज्याला आहेच, आणि तो सोडू नये. पण व्यापाराचे संरक्षण हवे असेल तर त्याला संरक्षण म्हणावे, ते जकात म्हणून आकारावे, आणि नागरिकांना त्यावर वाद घालू द्यावा. सुरक्षेच्या आडून ते केले की सुरक्षेवरचाच विश्वास कमी होतो. जानेवारी 1999 मध्ये जपानात बनलेली स्कायलाइन आर-34 जानेवारी 2024 पासून अमेरिकेत सुरक्षा नियमांच्या दृष्टीने खुशाल उतरवता येते. ती आपटून पाहिलेली नाही, तिच्यात एक स्क्रूही बदललेला नाही. बदलले आहे ते फक्त तिचे वय.