परवान्याच्या प्रतीक्षेंतील हात



आमच्या मालवण किनाऱ्याला ताटातूट नवी नाहीं. पुरुषानें गिरणींत वा बोटीवर नोकरी धरण्यास मुंबई गांठावी, शिमग्यास व चतुर्थीस घरीं यावें, आणि बायकोनें मागें राहून तरवा लावावा, भात झोडावें, मासळी विकावी, ही कित्येक पिढ्यांची रीत. ती मनिऑर्डरीची वाट पाही खरी; पण हात बांधून नव्हे. तिच्या श्रमास कोणाचा परवाना लागत नसे.

समुद्रापलीकडील इतिहास निराळा आहे. १९०८ सालीं कॅनडानें असा नियम केला कीं, येणारानें मायदेशाहून अखंड प्रवास करूनच यावें. हिंदुस्थानांतून तशी सोय नव्हती. अर्थात् तेथें गेलेल्यांच्या बायकामुलांना दार बंद झालें. तें १९१९ सालीं उघडलें. दक्षिण आफ्रिकेंत १४ मार्च १९१३ रोजीं न्यायमूर्ति सर्ल यांनीं निर्णय दिला कीं, बहुपत्नीत्वास मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीनें झालेला विवाह कायद्यास मान्य नाहीं. त्या अपमानाविरुद्ध कस्तुरबा तुरुंगांत गेल्या, व १९१४ च्या कायद्यानें हा अन्याय दूर झाला.

पत्नी म्हणून मान्यता मिळाली, जवळ राहण्याची मुभा मिळाली, पण कमावण्याची? पतीनें हमी घेऊन पत्नीच्या कायम वास्तव्याचा अर्ज करावा, आणि निकाल लागेपर्यंत तिनें घरीं बसावें, असा प्रकार पुष्कळ वर्षें चालला. अमेरिकेंत १९८६ च्या कायद्यानें नोकरीवर घेतांना प्रत्येकाचे कागद तपासण्याचें बंधन मालकांवर घातलें.

माझी एक विद्यार्थिनी, बी. कॉम. झालेली, २०१२ सालीं कॅनडांत पतीकडे गेली. तिनें मला लिहिलें, "गुरुजी, आई बाजारांत मासे विकून चार पैसे स्वतःच्या कनवटीस बांधी. मी शिकलें, पण तिला साडी धाडावयाची तर नवऱ्यापुढें हात पसरतें." तें पत्र वाचून मी बराच वेळ सुन्न बसलों. तिचा पति भला माणूस होता. दोष त्याचा नव्हता.

पुढें २२ डिसेंबर १९१४ नव्हे, २०१४ रोजीं कॅनडानें नवी योजना आणली. पतीजवळ राहून अर्ज केलेल्या पत्नीस पहिल्या मंजुरीची वाट न पाहतां, कोणत्याही मालकाकडे काम करण्याचा खुला परवाना मिळूं लागला. अमेरिकेनेंही २६ मे २०१५ पासून, तेथें नोकरीस असलेल्या परदेशी तज्ज्ञांपैकीं ज्यांच्या कायम वास्तव्याची पहिली पायरी मंजूर झाली, त्यांच्या पत्नींना कामाची परवानगी दिली. म्हणजे १९१९ सालीं कॅनडानें पत्नीला दार उघडलें, आणि तिच्या हातांची अडचण जाणण्यास पुढें ९५ वर्षें लागलीं!

हा परवाना मात्र आपोआप मिळत नाहीं. त्याकरितां निराळा अर्ज लागतो, आणि तो हातीं येण्यापूर्वीं केलेली नोकरी मूळ अर्जालाच अपाय करूं शकते.

म्हणून आईबापांना एवढेंच सांगणें : परदेशचें स्थळ पाहतांना जांवयाचा पगार अवश्य विचारा, पण आपल्या मुलीला तेथें काम करण्याची मोकळीक केव्हां मिळेल, हेंही त्याच बैठकींत विचारा. तिच्या आजीला जें न मागतां लाभलें होतें, तें नातीनें मागून घेण्यांत कमीपणा कसला?