सानुग्रह अनुदान (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर)

सरकारी, निमसरकारी आणि महापालिका-नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीच्या तोंडावर पगाराशिवाय मिळणारी वार्षिक रक्कम. बोलताना सगळे तिला ‘दिवाळी बोनस’च म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती बोनस नव्हे. बोनस हा कामगाराचा हक्क आहे. सानुग्रह अनुदान दरवर्षी ठराव करून किंवा संघटनेशी करार करून द्यावे लागते. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतला कामगार पहिल्या प्रकारात मोडतो, त्याच्या शेजारी राहणारा महापालिकेचा लिपिक दुसऱ्या.

बोनसची परंपरा मुंबईच्या कापडगिरण्यांतून आली. पहिल्या महायुद्धात गिरण्यांचा नफा फुगला तेव्हा १९१७ मध्ये मालकांनी पगाराच्या १० टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. पुढे तो वाढत गेला आणि १९२३ सालासाठी नाकारला गेला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला गिरणी कामगारांनी मोठा संप केला. तो फसला, पण मागणी विझली नाही. १९६१ मध्ये नेमलेल्या मेहेर आयोगाच्या शिफारशींवरून १९६५ चा बोनस प्रदान अधिनियम झाला. त्यात किमान बोनस आधी ४ टक्के होता, नंतर ८.३३ टक्के झाला. कमाल २० टक्के. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा भाग, एका महिन्याचा पगार. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यावा, अशी अट असल्याने मार्चअखेरचा हिशेब नोव्हेंबरअखेर चुकता करावा लागतो आणि दिवाळी नेमकी याच मुदतीत येते.

याच अधिनियमाच्या कलम ३२ ने केंद्र व राज्य सरकारची खाती आणि स्थानिक प्राधिकरणांमार्फत चालणारे उद्योग वगळले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ही सूट कायम आहे. त्यामुळे सरकारी नोकराला जे मिळते ते संघटनेच्या ताकदीवर आणि तिजोरीच्या स्थितीवर.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची तिजोरी बराच काळ भक्कम होती. १९७० मध्ये नवनगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झालेल्या या शहराला कारखान्यांच्या मालावरील जकातीने श्रीमंत केले. १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर. दिवाळीची रक्कम मात्र टिकली. अलीकडच्या वर्षांत कायम कर्मचाऱ्यांना ८.३३ टक्के आणि त्यावर २० हजार रुपये असे तिचे स्वरूप आहे. कर्मचारी महासंघाचे निवेदन, आयुक्तांशी बोलणी, लेखा विभागाची आकडेमोड, सभेची मंजुरी आणि मग बँकेत जमा, हा ठरलेला क्रम. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढील निवडणुकीपर्यंत मंजुरीचा अधिकार प्रशासकाकडे होता. मुंबई महापालिका टक्केवारीऐवजी सरसकट रक्कम देते. २०२४ मध्ये ती २९ हजार रुपये होती. पीएमपीएमएल या बससेवा कंपनीच्या चालक-वाहकांची दिवाळी पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या निधीवर अवलंबून असते, कारण कंपनीची तूट त्या ६०:४० या प्रमाणात भरून काढतात.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे गणित निराळे. चिंचवड, आकुर्डी, देहूरोड स्थानकांवरील रेल्वे कर्मचाऱ्यांना उत्पादकतेशी निगडित बोनस मिळतो. ही पद्धत रेल्वेत १९७९-८० पासून आहे. अनेक वर्षे ७८ दिवसांचा बोनस जाहीर होत आला आहे. ७८ दिवस म्हणजे अडीच महिन्यांचा पगार, असे वाटते, तसे नाही. हिशेबासाठी मासिक पगार ७ हजार रुपयेच धरला जातो. ७ हजार गुणिले १२, भागिले ३६५, गुणिले ७८ : हातात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. ज्या खात्यांना असा बोनस नाही त्यांचा तदर्थ बोनस ३० दिवसांचा, म्हणजे ६,९०८ रुपये. सातव्या वेतन आयोगाने सर्वांत खालच्या पायरीचे मूळ वेतनच १८ हजार केले असताना ७ हजारांवर हिशेब करणे अन्यायाचे आहे. दिवसांचा आकडा मोठा दिसतो, रक्कम तशी नसते.

राज्य शासनाच्या कार्यालयांत बोनसच नाही. अराजपत्रित कर्मचाऱ्यांना सण अग्रिम मिळतो. तो बिनव्याजी असला तरी उसनवारच, पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेतला जातो. चाकण, खेडच्या गावागावांतील अंगणवाडी सेविका व मदतनिसांना २ हजार रुपयांची भाऊबीज भेट मिळते. त्यांच्याकडून पोषण आहार, लसीकरण, सर्वेक्षण अशी वर्षभर कामे करून घेतली जातात, हे पाहता ही रक्कम फारच तोकडी आहे.

सार्वजनिक उपक्रमांत नफा नसेल तर हक्कही कागदावर राहतो. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये उतरत्या काळात महिनोन्‌महिने पगारच थकले.

या विषयातील सर्वांत मोठी तफावत महापालिकेच्या आवारातच आहे. रस्ते झाडणारे, कचरागाडीवर काम करणारे, रुग्णालयांत सफाई करणारे अनेक जण ठेकेदाराकडे आहेत. ठेकेदाराची आस्थापना खासगी. तिथे २० किंवा अधिक कामगार असतील आणि कामगाराने वर्षात किमान ३० दिवस काम केले असेल, तर बोनस त्याचा कायदेशीर हक्क ठरतो. म्हणजे ज्याला हक्क नाही त्या कायम कर्मचाऱ्याला रक्कम वेळेवर मिळते आणि ज्याला हक्क आहे त्या कंत्राटी कामगाराला तो मागत फिरावे लागते. मध्येच ठेकेदार बदलला, की जुना म्हणतो माझे काम संपले आणि नवा म्हणतो मी आताच आलो. मुख्य नियोक्ता म्हणून महापालिकेने बोनस दिल्याची पावती पाहिल्याखेरीज ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नये, हा यावरचा साधा आणि हाताशी असलेला उपाय आहे. बोनस अधिनियमाच्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार, जी एप्रिल २०१४ पासून लागू धरली गेली, पात्रतेसाठी मासिक पगाराची मर्यादा २१ हजार रुपये झाली आणि हिशेब ७ हजार किंवा किमान वेतन यांपैकी जास्त असलेल्या रकमेवर करायचा ठरला. किमान वेतनातील विशेष भत्ता महागाईबरोबर वाढतो, ही मर्यादा मात्र आपोआप वाढत नाही. त्यामुळे भत्त्याच्या एखाद्या वाढीनेच सफाई कामगार बोनसच्या कक्षेबाहेर जाऊ शकतो.