दिल्लीचे कटरे आणि शेजाऱ्यांची तक्रार

दिल्लीचा इतिहास तख्तांचा आणि तटबंदींचा म्हणून सांगितला जातो. परंतु याच नगरीला दुसराही एक इतिहास आहे. तो एका नळाभोवती जमलेल्या दहा बिऱ्हाडांचा, आणि त्यांच्याविषयी शेजाऱ्यांनी केलेल्या तक्रारींचा आहे.

जुन्या दिल्लीतील कटरा म्हणजे मध्ये चौक, भोवती खोल्या आणि प्रवेशाला एकच दरवाजा. मूळचा तो व्यापाऱ्यांचा व कारागिरांचा आवार. चांदणी चौकातील कटरा नील आजही कापडाच्या व्यापारासाठी ओळखला जातो. कालांतराने असे अनेक आवार खोली-खोलीने भाड्याने गेले. रचनेने पुण्याचा वाडा आणि वहिवाटीने मुंबईची चाळ, असे म्हटले म्हणजे मराठी माणसाला कटऱ्याची कल्पना येईल. नळ सामाईक, शौचकूप सामाईक आणि भांडणेही सामाईक!

अशा सहनिवासावर सरकारची नजर पडली ती प्रथम वाटसरूंच्या निमित्ताने. 1867 च्या सराय अधिनियमाने सराईची नोंदणी दंडाधिकाऱ्याकडे करणे आवश्यक ठरवले. खोल्या व गटारे स्वच्छ ठेवावीत, पहारेकरी नेमावेत, दरपत्रक दर्शनी भागी लावावे, उतरलेल्यांची माहिती मागितल्यास द्यावी, असे दंडक घातले. कटऱ्यातला भाडेकरू मात्र वाटसरू नव्हता. या नोंदवहीत त्याला जागा नव्हती.

1911 मध्ये राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि 1931 मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. प्रशस्त बंगल्यांच्या शेजारी तटाआडची दाटी अधिकच डोळ्यांत खुपू लागली. ही दाटी कशी कमी करावी, यावर ह्यूम या अधिकाऱ्याने 1936 मध्ये अहवाल दिला आणि 1937 मध्ये दिल्ली सुधारणा मंडळ स्थापन झाले. मंडळाने बाहेरच्या जमिनी विकसित करून विकल्या. पण त्या घेण्याची ऐपत कटऱ्यातल्या हमालाला कुठून असणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातलाच हा प्रकार. स्वातंत्र्यानंतर घनश्यामदास बिर्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही मंडळाच्या कामगिरीवर कठोर टीका केली.

तोवर फाळणीचा लोंढा येऊन आदळला होता. 1941 मध्ये सुमारे 9 लाख 18 हजार असलेली दिल्लीची वस्ती 1951 मध्ये 17 लाख 44 हजारांवर गेली. 1956 मध्ये गलिच्छ वस्ती सुधारणा व निर्मूलन अधिनियम आला. त्याचे एकोणिसावे कलम विशेष लक्षणीय आहे. अशा वस्तीतील भाडेकरूला सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून घराबाहेर काढता येणार नाही, असे ते सांगते. घरमालकाच्या हक्काला यामुळे बाध येतो, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये फेटाळला. पुढे 1964 च्या दुरुस्तीने हेही स्पष्ट केले की, परवानगी देण्यापूर्वी भाडेकरूला त्याच्या ऐपतीतला दुसरा निवारा मिळेल की नाही, हे पाहिले पाहिजे. ‘हा गेला, तर जाणार कुठे?’ हा साधा प्रश्न येथे कायद्याच्या तोंडी आला.

निर्वासितांसाठी वसलेल्या राजेंद्र नगरसारख्या वसाहतींत पुढे भाडेकरूंची नवी पिढी आली. त्यांत प्रशासकीय सेवेच्या परीक्षेसाठी महाराष्ट्रातून गेलेले तरुणही पुष्कळ. एका मजल्याच्या अनेक खोल्या होतात. पाणी, वाहने, रात्रीचा गलबला यांवरून शेजारी कुरकुरतात. निवासगृह चालवण्यास आयुक्तांचा परवाना हवा, असे 1957 च्या दिल्ली महानगरपालिका अधिनियमानेच सांगितले आहे. त्याखेरीज अतिथिगृहांना पोलिसांचाही परवाना लागे. तो अधिकार जून 2025 मध्ये पोलिसांकडून काढून घेण्यात आला.

परंतु तक्रार केवळ बाहेरच्याची नसते. 27 जुलै 2024 रोजी जुन्या राजेंद्र नगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी प्राणास मुकले. तळघराच्या या गैरवापराविरुद्ध एका विद्यार्थ्यानेच महिनाभर आधी तक्रार नोंदवली होती!

बाहेरचा म्हणतो, ‘ही गर्दी हटवा’; आतला म्हणतो, ‘जिना द्या, पाणी द्या, सुरक्षितता द्या.’ दोन्ही गाऱ्हाणी खरी आहेत. दिल्लीच्या कारभाराने पहिले बहुधा चटकन ऐकले, दुसऱ्याला मात्र पुष्कळदा दुर्घटनेची वाट पाहावी लागली. परवाना एखादे घर बंद करू शकतो, नवी खोली बांधू शकत नाही. म्हणून परवान्याचा शिक्का उचलणाऱ्या हाताने एकोणिसाव्या कलमातला तो प्रश्नही आधी विचारावा, एवढेच कटऱ्यांचा इतिहास सुचवतो.