पाटण्याचा शिलालेख आणि ६१ ही संख्या

चाळीसगांवाजवळ, सातमाळ्याच्या पायथ्याशीं, पाटणें नांवाचें लहानसें खेडें आहे. देवीच्या दर्शनास तेथें पुष्कळ भाविक जातात. परंतु याच स्थळीं सांपडलेल्या शिलालेखानें खानदेशास गणिताच्या इतिहासांत स्थान मिळवून दिलें आहे, हें आमच्या जळगांव-धुळ्याकडील सुशिक्षितांसही बहुधा ठाऊक नसतें. डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं तो विद्वानांपुढें मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळांतील सोइदेवानें इ. स. १२०७ मध्यें श्रावणी पौर्णिमेच्या ग्रहणकाळीं त्यास दान दिलें. देवळास दान देणारे सर्वत्र आढळतात; गणित शिकविण्यासाठीं दान देणारा विरळाच.

त्या मठांतील विद्यार्थी काय सोडवीत असतील? ११५० सालच्या बीजगणितांतील एक उदाहरण पाहूं. कोणत्या वर्गास ६१ नें गुणून १ मिळविला असतां पूर्ण वर्ग होतो? ६१ च्या जागीं ६० घेतल्यास उत्तर ४ च्या वर्गाचें, ६२ घेतल्यास ८ च्या. पण ६१ या मूळ संख्येस लहानांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० ! अंदाजानें चांचपडत राहणाऱ्याचा जन्म सरेल.

भास्कराचार्य चांचपडत नाहींत. ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक. येथून त्यांचें चक्रवाल सुरू होतें. एका फेऱ्यांत ३९ चा वर्ग हातीं येतो. तो ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून ४ नें उणा. मग ब्रह्मगुप्ताच्या भावनेनें २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी. येथें अंतर केवळ उणें १. आणखी एक भावना, कीं उत्तर. ज्या मूळ संख्येस ४ नें भागून १ उरतो, तिच्या वाटेवर हा उणें एकचा मुक्काम असतोच, हें युरोपांत अठराव्या शतकांत सिद्ध झालें. भास्कराचार्यांचेंच दुसरें उदाहरण ६७ चें. तेथें बाकी ३, म्हणून तो मुक्काम नाहीं, आणि उत्तरही अवघें ५,९६७.

फर्मानें १६५७ मध्यें हाच ६१ चा प्रश्न फ्रेनिकल यास घातला. पुढें ऑयलरच्या चुकीनें या समीकरणास पेलचें नांव चिकटलें. पेलचा त्याच्याशीं फारसा संबंध नव्हता. तथापि आपणही ताळतंत्र सोडूं नये. ही रीत सदैव उत्तरापर्यंत पोंचते, याची सिद्धता भास्कराचार्यांनीं दिलेली नाहीं. तशी सिद्धता प्रथम लाग्रांजनें, आपल्या निराळ्या रीतीनें दिली. शिवाय चक्रवाल त्यांच्याही आधींच्या जयदेवास अवगत होतें, हें १९५४ मध्यें पंडित कृपाशंकर शुक्ल यांनीं उजेडांत आणिलें.

मठाची मात्र आज खूण उरलेली नाहीं. शिलालेखाचा शेवटला भाग संस्कृत नसून त्या काळच्या मराठींत आहे. बाजारच्या मालावरील राजभाग मठास द्यावा, आणि घाण्यामागें पळीभर तेल द्यावें, असें त्यांत लिहिलें आहे.