मृत्यूच्या आदल्या दिवसाचा भाव

१९३४ साली अवर्षणाने अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील कुरणे करपून गेली, तेव्हा तेथील संघसरकार पशुपालकांच्या मदतीला आले ते गिऱ्हाईक म्हणून. एका जनावरास साधारणतः १४ ते २० डॉलर या दराने सरकारने ८० लाखांहून अधिक गुरे विकत घेतली. जी खाण्याजोगी होती त्यांचे मांस बेकारांच्या घरी पोहोचले. जी हाडांची सापळी झाली होती ती मारून पुरण्यात आली. पशुपालकाच्या हाती पैसा आला, पण कळप गेला. पुढे कित्येक दशके प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर वेगळी तरतूद करण्याचीच रीत राहिली. मदत मिळावी की नाही, हे बहुधा आपत्तीग्रस्तांचा आवाज राजधानीत किती ऐकू जातो यावर ठरे.

ही अनिश्चितता संपवण्याचा प्रयत्न २००८ च्या शेती कायद्याने केला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचा नकाराधिकार डावलून संमत झालेल्या या कायद्यानुसार आपत्तीत दगावलेल्या जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मालकास मिळावयाची होती. आणि हा भाव धरावयाचा होता मृत्यूच्या आदल्या दिवसाचा.

याच कायद्यात मधमाश्यांनाही स्थान मिळाले. नोव्हेंबर २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे मधपाळ डेव्हिड हॅकेनबर्ग यांना फ्लोरिडात ठेवलेल्या आपल्या शेकडो पेट्या जवळजवळ ओस आढळल्या होत्या. पेटीत मध होता, पिलावा होता, कित्येक ठिकाणी राणीही होती. कामकरी माश्या मात्र नाहीशा झाल्या होत्या आणि आसपास त्यांची प्रेतेही नव्हती. अशा घटना देशभर आढळू लागल्या. प्रश्न केवळ मधाचा नव्हता. कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागांचे परागीभवन याच फिरत्या पेट्यांवर अवलंबून होते. परंतु जिचे प्रेतच सापडत नाही तिच्या मृत्यूचा पुरावा कोणता द्यावा? येथे आधीच्या आणि नंतरच्या पेट्यांची मोजदाद हाच आधार उरला. त्यातूनही नेहमीची मानली गेलेली हानी वजा होई, आणि उरलेल्या हानीपुरतेच साहाय्य मिळे.

कायद्याची मोठी उणीव मात्र वेगळीच होती. या तरतुदींची मुदत ३० सप्टेंबर २०११ रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही. ऑक्टोबर २०१३ च्या आरंभी पश्चिम साउथ डकोटावर अवेळी हिमवादळ कोसळले. गुरे अजून उन्हाळी कुरणांवर होती; त्यांच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव चढली नव्हती. आधी पावसाने भिजलेली ती जनावरे वाऱ्याच्या रेट्याने मैलोगणती भरकटली आणि ओढ्यानाल्यांत हजारोंनी मेली. त्याच आठवड्यात अर्थसंकल्पावरील राजकीय संघर्षामुळे संघसरकारची कचेऱ्याही बंद होत्या. मालकांनी मृत जनावरांची छायाचित्रे काढून, संख्या नोंदवून ठेवावी, एवढाच सल्ला त्यांना मिळू शकला. दरम्यान इतर राज्यांतील पशुपालकांनी आपल्या कळपांतील गाभण कालवडी त्यांच्याकडे पाठवल्या.

७ फेब्रुवारी २०१४ रोजी संमती मिळालेल्या नव्या कायद्याने १ ऑक्टोबर २०११ पासूनच्या हानीस पूर्वलक्षी प्रभावाने संरक्षण दिले. महत्त्वाचे असे की, या वेळी मुदत घातली नाही. मधमाश्यांचा समावेश असलेल्या योजनेवर वार्षिक दोन कोटी डॉलरची मर्यादा होती. मागण्या तिच्यापलीकडे गेल्या की प्रत्येकाचा वाटा कमी करावा लागे. ही मर्यादा २०१८ साली उठवण्यात आली.

मदत ही मर्जीची बाब न राहता हक्काची व्हावी, यासाठी लागलेला हा काळ आहे. तरीही आदल्या दिवसाच्या भावात कित्येक पिढ्या निवडून घडवलेल्या वाणाचे मोल येत नाही, की एका कळपाला एक माळरान ओळखीचे होण्यास लागलेली वर्षेही येत नाहीत. कायदा मोजता येईल तेवढेच भरून देऊ शकतो. साउथ डकोटाच्या पशुपालकांना मात्र तेवढ्यासाठीही कायद्याच्या पुनर्जन्माची वाट पाहावी लागली, आणि त्या हिवाळ्यात त्यांच्या दारी सरकारी धनादेशाआधी पोहोचल्या त्या शेजारच्या राज्यांतील कालवडी.