दासगावचा मुलगा, महाडची शाळा आणि आपला पहिलीचा प्रवेश



मे महिना लागला की आमच्याकडे येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. रायगडच्या किनारपट्टीतली, श्रीवर्धन-मुरूडकडच्या बौद्धवाड्यांतली कितीतरी कुटुंबे आता अलिबाग, महाड, पनवेल इथे खोली घेऊन राहतात. मुलाला पहिलीत घालायचे असते आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: शाळा कोणती? जवळची नगरपालिकेची, जिथे आपल्याच वस्तीतली चार पोरे आहेत? की स्टेशनपलीकडची, नाव असलेली, जिथे जायला दुसऱ्यांची आळी ओलांडावी लागते आणि वर्गात आपले कोणीच नसते?

यंदा एका ताईंनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही. घरकाम करतात, नवरा कंपनीत कंत्राटी. म्हणाल्या, "दादा, फॉर्मवर आडनाव न लिहिता गावाचं नाव लिहिलं तर चालंल का? पोराला तिथं कोन काय बोलायला नको." मागे वाडीत पुतळ्यावरून झालेल्या भांडणाच्या वेळी त्यांच्या मोठ्या मुलीला शाळेच्या वाटेवर अडवले होते. त्यामुळे ही भीती त्यांनी कल्पनेतून काढलेली नाही. आमच्यातले काही कार्यकर्ते असा प्रश्न ऐकला की लगेच 'न्यूनगंड' हा शब्द काढतात. आम्हाला ते पटत नाही. सहा वर्षांच्या लेकराची वाट कशी असेल याचा हिशेब करणारी आई भित्री नसते. हाच हिशेब आपल्या किनाऱ्यावर शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे. तो कोणी कसा केला हे नीट पाहिले तर त्या ताईंना उत्तर देता येते.

बाणकोटच्या खाडीपलीकडे, दापोलीपासून सुरुवात करू. दापोलीला आजही लोक कॅम्प दापोली म्हणतात, कारण तिथे लष्कराची छावणी होती. पेन्शन घेतलेले महार सुभेदार, जमादार तिथे घरे करून राहिले. पलटणीच्या शाळांत त्यांची मुलेच नव्हे, मुलीही शिकत. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे दापोलीच्या वेशीवर येऊन राहिलेली ही माणसे निरक्षर, दबलेली, सरकारला 'मायबाप' म्हणून गप्प बसणारी नव्हती. पलटणीत मुलगा वर्गात बसला होता आणि पेन्शन घेऊन आल्यावर त्याच मुलाला नगरपालिकेच्या शाळेचे दार बंद. १८९० च्या दशकात या पेन्शनरांनी अर्जावर अर्ज केले. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी मिळाले काय? व्हरांडा. आत फळा, बाहेर आपली मुले.

त्या व्हरांड्यामागे सरकारचे एक जुने तर्कशास्त्र होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने उत्तर दिले की न्याय तत्त्वतः या मुलाच्या बाजूने आहे, पण एका मुलासाठी बाकीच्या सगळ्यांची शाळा ओस पाडता येणार नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला शिक्षणाबद्दलचे निवेदन दिले, त्यात या प्रकरणाचा समाचार घेतला आहे. सरकारचा शब्द नीट ऐका: 'एक मुलगा'. आजवर असा अर्ज घेऊन आलेला हा एकटाच महार, म्हणून त्याला नाही म्हणणे सोपे. तो एकटा होता हेच त्याला नाकारण्याचे कारण झाले. दापोलीच्या पेन्शनरांना निदान पडवीत तरी बसवावे लागले, कारण ते एकटे नव्हते.

आता खाडीच्या अलीकडे, आपल्या जिल्ह्यात येऊ. सावित्रीच्या काठी दासगाव बंदर. तिथला रामचंद्र बाबाजी मोरे हा मुलगा, म्हणजे पुढचे कॉम्रेड आर. बी. मोरे. जन्म १९०३. (मोरे नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणून आपल्या २० मार्चच्या भाषणांत त्यांचे नाव चटकन गाळले जाते. हे बरोबर नाही.) दहा-अकरा वर्षांचा असताना त्याने स्कॉलरशिप मिळवली आणि महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मागितला. शाळेने नाही म्हटले. गुणवत्ता होती, शिष्यवृत्ती होती, फक्त जात आडवी आली. या अन्यायाची तक्रार वर्तमानपत्रात गेली, बोभाटा झाला, तेव्हा शाळेला त्याला घ्यावे लागले. पण वर्गात नाही. वर्गाबाहेर, खिडकीशी.

दासगाव ते महाड पाच मैल. एवढी वाट तुडवून शहरात आलेल्या मुलाला पाणी कुठे मिळणार? तळे समोर, पण हात लावायची सोय नाही. सातारच्या शाळेत बाबासाहेबांचीही हीच गत होती, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. बसायला स्वतःचे गोणपाट, आणि नळ सोडायला शिपाई आला नाही तर दिवसभर तहान. म्हणून आम्ही म्हणतो की शाळेचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न वेगळे नव्हतेच. कागदावरही नव्हते. रावबहादूर सी. के. बोले यांचा ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव आपण चवदार तळ्यापुरता आठवतो. पण त्या ठरावात पाणवठे, विहिरी, धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने त्याला धरून आपला ठराव केला. आणि महाडला परिषद भरवा असा आग्रह बाबासाहेबांकडे धरणारा तरुण कोण? तोच, खिडकीबाहेरचा विद्यार्थी.

पुढचे सर्वांना पाठ आहे. १९ आणि २० मार्च १९२७. पण सुरक्षिततेच्या दृष्टीने ते पुन्हा वाचा. तळ्यावर हजारो माणसे एकत्र गेली तेव्हा कोणाची हिंमत झाली नाही. मार केव्हा खाल्ला? पाणी पिऊन लोक पांगल्यावर. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली आणि जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लहान लहान गटांवर हल्ले झाले. तेव्हा आपल्या माणसांना आसरा दिला तो महाडच्या मुसलमान घरांनी. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपासाठीही जागा दिली ती फत्तेखान यांनी. त्या वेळी बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून लोकांबरोबर चालत महाडला आले. म्हणजे ज्या वाटेवर एके काळी एकटे पोर दप्तर घेऊन चालले होते, त्याच वाटेवर १९२७ साली मोर्चा चालला.

मोर्चा एक दिवसाचा असतो आणि शाळा रोजची. रोजच्या बाबतीत काय होते हे १९३५ साली गुजरातेतल्या कविठा गावाने दाखवले. तिथल्या अस्पृश्यांनी आपली मुले गावच्या सरकारी शाळेत पाठवली, एवढ्यावरून त्यांच्यावर हल्ला झाला, बहिष्कार पडला. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी कविठ्याचा दाखला दिला आहे. त्याआधी, १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या स्टार्ट समितीत ते सदस्य होते. त्या समितीने वेगळ्या शाळांपेक्षा एकत्र शाळांचीच बाजू घेतली. पण सार्वजनिक हक्क वापरायला जाणाऱ्यांपुढे उघड हिंसा आणि सामाजिक बहिष्कार या दोन अडचणी बराच काळ राहतील, असेही स्पष्ट म्हटले. 'जा, शाळा आपली आहे' असे सांगताना 'वाटेत मार बसू शकतो' हे त्यांनी झाकून ठेवले नाही. आज आपण पालकांना यातले पहिलेच वाक्य ऐकवतो. रायगडच्या गावकीच्या बहिष्काराची प्रकरणे इतकी गाजली की महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. म्हणजे तो दुसरा धोका काही इतिहासजमा झालेला नाही.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांपुढेही हाच पेच होता. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लीन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत सहा वर्षांची रूबी ब्रिजेस मार्शलांच्या पहाऱ्यात गेली. गोऱ्या पालकांनी मुले काढून घेतली आणि वर्षभर ती एका शिक्षिकेसमोर एकटी शिकली. वडिलांची नोकरी गेली. तिचा फोटो आपण व्हॉट्सॲपवर अभिमानाने फिरवतो. पण आपल्या पोरीला कोणी तसे पाठवील का? त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १९३५ साली, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी एक लेख लिहून आपल्याच चळवळीचा रोष ओढवून घेतला होता. काळ्या मुलांना वेगळी शाळा हवी की मिश्र, हा मुद्दाच नाही, त्यांना शिक्षण हवे, असे त्यांचे म्हणणे. जिथे मुलाचा रोज अपमान होतो ती मिश्र शाळा त्याला काय शिकवणार? हे म्हणणे आम्हाला अर्धे पटते. अर्धेच, कारण आपल्याकडे 'आपली' शाळा म्हणजे बहुतेक वेळा पटसंख्या घसरलेली, दोन शिक्षक चार वर्ग सांभाळत असलेली शाळा असते. सुरक्षित, पण उपाशी.

आणि कायद्याने दिलेली वाटही सरळ ठेवली जात नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दिल्या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. पण त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या पालकांचा अख्खा उन्हाळा 'फॉर्म कधी सुटणार' या एका वाक्यात गेला.

आता त्या ताईंचा प्रश्न. आडनावाऐवजी गावाचे नाव.

बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव पडले ते 'भिवा रामजी आंबेडकर', गावावरून आलेले. त्या आडनावातून जात दिसत नव्हती. तरीही गोणपाट सुटले का? नाही. कारण शाळा फॉर्म वाचून जात ओळखत नाही. तुम्ही कुठून येता, कोणाबरोबर येता, तुमच्या बापाला कोण काय म्हणून हाक मारते, यावरून ती ओळखते. आज तर घराच्या पत्त्यात 'बौद्धवाडी' किंवा 'भीमनगर' असले की बाकी रकाने कोरे सोडले तरी चालते.

उलट रकाना चुकीचा भरला तर आयुष्यभर पुरते. १९५६ नंतर आपल्या कितीतरी लोकांनी मनाने धम्म स्वीकारला आणि मुलांच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू महार' ठेवले, कारण बौद्ध लिहिले तर केंद्राच्या सवलती जात. तो पेच १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींत धरणारी दुरुस्ती झाली तेव्हा सुटला. पण सवय सुटली नाही. आजही कार्यालयात बसलेला बाबू 'हिंदूच लिहा, बरं पडतं' असा फुकटचा सल्ला देतो आणि पालक मान हलवतात. दहावीनंतर जात पडताळणीच्या वेळी हीच नोंद दुरुस्त करताना किती चपला झिजतात ते आम्ही दरवर्षी पाहतो.

म्हणून आम्ही ताईंना म्हटले, आडनाव राहू द्या. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा आणि जातीचा पुरावा सोबत जोडा. राहिला वाटेचा प्रश्न. तो तुमच्या एकटीचा नाही, तो वस्तीचा आहे. त्या शाळेत जाऊ शकतील अशी आणखी किती घरे आहेत ते शोधू. तीन निघाली. एक कुटुंब मातंग समाजाचे, एक आदिवासी कातकरी, एक आपले. कातकरी बापाला पहिल्यांदा हे पटतच नव्हते. त्याला वाटले आम्ही कसली तरी वर्गणी मागायला आलो आहोत.

चारही घरांचे पालक एकाच दिवशी, एकाच वेळी शाळेत गेले. आम्ही बरोबर होतो, पण बोललो नाही. बोलल्या ताईच. मुलांना एकाच वर्गात ठेवा, एवढे त्यांनी मागितले. मुख्याध्यापिका थोड्या गडबडल्या, मग 'बघते' म्हणाल्या. दोन मुले एका तुकडीत आली, दोन दुसऱ्या. मधल्या सुट्टीत भेटतील.

जाण्यायेण्याला रिक्षा ठरवायची आहे. रिक्षावाला चौघांचे मिळून मागतो ते कातकरी घराला झेपत नाही, म्हणून त्यांचा वाटा बाकीच्या तिघांनी उचलावा असे ताईंचे म्हणणे आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यावर बोलणे होईल.